विमान आप्पांची वीस पावलं

इनामगावच्या जालिंदर आप्पांना सगळा गाव 'विमान आप्पा' म्हणतो. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात ते विमानात एकदाही बसलेले नाहीत, पण ही गोष्ट त्या नावाच्या आड कधी आली नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळाकडे निघालेलं विमान घोड नदीवरून गेलं, की आप्पा हातातलं खुरपं टाकून मोबाइल काढतात, त्यातल्या नकाशावर बोट ठेवतात आणि शेजारच्या रानात कोणी असो वा नसो, जाहीर करतात, "दिल्लीवरनं आलंय. वीस मिंटं लेट हाय." जणू त्या वीस मिनिटांचा जाब कोणी त्यांनाच विचारणार आहे. तोवर इकडे पाट फुटतो, कांद्याचं पाणी बांधावरून दुसऱ्याच्या रानात जातं. विमान मात्र आप्पांच्या देखरेखीखाली सुखरूप उतरतं.

विमानाशी त्यांचा खरा संबंध एका बांबूपुरता. "आपण उभ्या जन्मात केलं काय, तर बांबू धरला," असं ते स्वतःच म्हणतात. पण हे घरात, जेवताना. बाहेर सांगताना बांबू हळूहळू आखूड होत जातो आणि विमान मोठं.

झालं होतं असं. अठ्ठ्याहत्तर साली उसावर पाकोळी पडली होती. पानं हलवली की पांढऱ्या किड्यांचा भुसकाच उडायचा. कारखान्यानं विमानानं फवारणी करायचं ठरवलं. गावाबाहेरच्या माळावरचे दगडधोंडे वेचले, रूळ फिरवला, एका टोकाला वारा कळायला कापडी पिशवी टांगली, की झाला विमानतळ. तिथं उतरलं 'बसंत' नावाचं, एकच माणूस बसेल असं पिवळं विमान, आणि त्यातून उतरले पुण्याचे कॅप्टन ओगले. उंच, सडपातळ, बोलायला मऊ. जालिंदर तेव्हा चोवीस वर्षांचा होता. मॅट्रिकला दोनदा आपटल्यामुळे तो कुठल्याही कामाला मोकळा होता, म्हणून त्याला झेंडेवाला केला.

ती सगळी हकीगत आता पुन्हा वर आली ती सत्यजीतमुळे. सत्यजीत हा पुण्यातल्या संगणकाच्या कंपनीतला माणूस. जुन्या विमानांचं वेड असलेल्या शे-दीडशे जणांचा त्याचा एक व्हॉट्सअॅप गट आहे. कुठल्या माळावर कुठलं विमान उतरत होतं, ते कोणी पाहिलं, याच्या आठवणी ही मंडळी गोळा करतात. तो पहिल्यांदा इनामगावला आला आणि "इथं काही जुनं होतं ना?" असं विचारू लागला, तेव्हा लोकांनी त्याला बिनचूक पांढरीच्या टेकाडाकडे, जिथं मागं उत्खनन झालं होतं तिकडे, पाठवला. पुण्याचा माणूस जुनं विचारत आला, की त्याला तीन हजार वर्षांपूर्वीची मडकीच हवी असतात, हे गावाला सवयीनं ठाऊक. बिचारा तासभर टेकाडाभोवती धावपट्टी शोधत हिंडला. शेवटी आप्पा भेटले आणि दोघांचंही भाग्य उजळलं.

पहिल्या दिवशी सत्यजीतनं गटावर आप्पांचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'फवारणीच्या विमानाचे झेंडेवाले'. आठवड्यानं ते 'ग्राउंड स्टाफ' झाले. महिन्यानं 'ग्राउंड मार्शल'. या बढत्या आप्पांनी मागितल्या नव्हत्या, पण परतही केल्या नाहीत. मार्शलचा अर्थ त्यांनी नातीला विचारून घेतला आणि दोन दिवस मान जरा ताठ ठेवून चालले. मान आखडली. त्यांच्या बायकोनं, धुरपदाबाईंनी, ती तेल लावून चोळली आणि त्या म्हणाल्या, "आता मार्शलसाहेब, म्हशीला पाणी दावा."

गटात त्यांना एकच प्रतिस्पर्धी होता. राहू गावचा हौसराव. तो त्या वेळी माळावर पिंपात औषध कालवायचा आणि विमानाची टाकी भरायचा. तो बोलून पाठवायचा, "जालिंदर नुस्ता बांबू धरून हुबा ऱ्हायचा. टाकी मी भरत हुतो. टाकी न भरता इमान काय फवारणार, कपाळ?" त्यावर आप्पांचं उत्तर, "हौसरावच्या अंगाला आजूनबी वास येतो. म्हून त्याला कुणी पंक्तीत शेजारी घेत न्हाई." पुण्याची मंडळी या दोघांचं बोलणं ऐकून खूश व्हायची आणि टाळ्यांची चित्रं पाठवायची.

आप्पा सगळं सांगत. विमान उसाच्या शेंड्याला चाकं लागतील इतकं खाली कसं यायचं, फवाऱ्याखाली सापडलं तर औषधाची अंघोळ कशी व्हायची, ओगलेसाहेब उतरल्यावर आधी गार पाणी कसे मागायचे. एकच गोष्ट ते सांगत नव्हते. ती म्हणजे वीस पावलांची.

झेंडेवाल्याचं काम वरून सोपं दिसतं. उसाच्या रानाच्या दोन टोकांना दोन माणसं. प्रत्येकाच्या हातात पुरुष-दीड पुरुष उंचीचा बांबू, त्याला पांढरं फडकं. पायलटनं दोन्ही फडकी एका रेषेत धरायची आणि त्या रेषेवरून औषध सोडत जायचं. विमान जवळ आलं, की झेंडेवाल्यानं बाजूला वीस पावलं मोजून जायचं आणि पुन्हा बांबू उभा करायचा. मग पुढचा पट्टा. पायलटला खाली कोणाचा ऊस, कोणाचा बांध, काही कळत नाही. त्याला दिसतो तो झेंडा. त्यानं विश्वास ठेवायचा तो झेंडेवाल्याच्या पायांवर.

आणि ते पाय जालिंदरचे होते, हे ओगल्यांचं दुर्दैव.

फवारणी फक्त यादीतल्या उसावर होती. जालिंदरच्या वडलांचा ऊस यादीत नव्हता, कारण उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या कारखान्याच्या स्लिपबॉयशी त्यांचं पाटाच्या पाण्यावरून वाजलं होतं. त्यांचं रान यादीतल्या रानाला लागूनच, नेमकं जालिंदरच्या टोकाला. सकाळी भाकरी बांधून देताना वडील एवढंच म्हणाले, "पाऊल जरा लांब टाक." यापेक्षा जास्त सांगायची गरज नव्हती. त्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला ते एवढ्यावर कळलं असतं.

जालिंदरनं पावलांच्या ढांगा केल्या. पलीकडच्या टोकाचा माणूस इमानदारीत वीस पावलं सरकत होता, हा वीस ढांगा. बाराव्या पट्ट्याला झेंडा वडलांच्या रानात पोचला होता. पिवळं विमान त्याच्याकडे तिरकं आलं, औषधाचा पांढरा पडदा सोडून गेलं, पुन्हा वळून आलं. आपण एवढं मोठं विमान हातातल्या फडक्यानं घरच्या उसावर आणलं, या आनंदात जालिंदरनं वाऱ्याकडे पाहिलंच नाही. वारा मावळतीकडून जोरात सुटला होता. वडलांच्या उसावर धड शिंतोडाही पडला नाही. सगळं औषध उडून शेजारच्या साळूबाईच्या कडवळावर, म्हशींच्या हिरव्या चाऱ्यावर, पडलं.

साळूबाईच्या सात म्हशी त्याच कडवळावर. दुसऱ्या दिवशी दुधाला वास आला, डेअरीनं ते घेतलं नाही. आठ दिवस म्हातारीनं सकाळ-संध्याकाळ दूध ओढ्यात ओतलं आणि ओतताना विमानाच्या सात पिढ्या काढल्या. चौकशीला कारखान्याचे साहेब तर फवारणीच्याच दुपारी आले. तोवर जालिंदर शहाणपणानं झेंडा घेऊन मूळच्या बांधावर जाऊन उभा राहिला होता. "झेंडा कुठं होता?" साहेबांनी विचारलं. "जाग्यावरच हुता," जालिंदर म्हणाला. मग ओगले पुढे आले. रागानं नाही, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "नक्की ना?" जालिंदर म्हणाला, "व्हय साहेब." ओगल्यांनी मान हलवली आणि डोळे चोळले. त्यानंतर चौथ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरा पायलट आला.

एवढीच गोष्ट. आप्पांनी ती मनातल्या मनात 'वाऱ्याची चूक' या नावानं जमा करून टाकली होती आणि तिकडे पुन्हा फिरकले नव्हते.

नोव्हेंबरात गटावर एक नवीन बाई आली. तिनं लिहिलं, 'मी अनुपमा. कॅप्टन ओगल्यांची मुलगी. पपा चार वर्षांपूर्वी गेले. इनामगावला त्यांच्या हातून एक पट्टा चुकला होता. त्यानंतर ते पुन्हा विमानात बसले नाहीत, कचेरीत काम केलं. तीन डॉक्टरांकडून डोळे तपासून घेतले. तिघेही म्हणाले, डोळ्यांत काही दोष नाही. पण पपा शेवटपर्यंत म्हणायचे, मी झेंड्यावरूनच गेलो होतो, आणि झेंडा तर तिथं नव्हताच म्हणतात. मग मला दिसलं ते काय होतं? त्या दिवशी झेंडा धरणारं कोणी हयात असेल, तर मला त्यांना एकदा भेटायचं आहे.'

खाली पंचवीस जणांनी एकाच उत्साहानं लिहिलं होतं, 'आपले आप्पा आहेत ना!' सत्यजीतनं लगेच येत्या रविवारी सगळ्यांनी माळावर जमायचं ठरवूनही टाकलं.

आप्पांनी तो मजकूर चार वेळा वाचला. चौथ्या वेळी चष्मा काढून पुसला आणि तो परत लावायची त्यांना लाज वाटली. साळूबाईच्या शिव्या विमानाला बसल्या, त्याचं त्यांनी इतकी वर्षं हसू केलं होतं. पण हा माणूस पुण्यात बसून स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत म्हातारा झाला, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. आता खरं सांगावं, तर पन्नास वर्षं जमवलेलं 'विमान आप्पा'पण एका सकाळीत जाणार. न सांगावं, तर त्या बाईच्या तोंडावर पुन्हा तेच 'व्हय साहेब' म्हणावं लागणार. त्या रात्री त्यांनी भाकरी अर्धी टाकली.

"आंगात कणकण हाय," सकाळी ते धुरपदाबाईंना म्हणाले. "सत्यजीतला कळवतो, रविवारी जमायचं न्हाई."

धुरपदाबाई धार काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "झेंड्याचं हाय व्हय?"

आप्पा चरकले. "कसला झेंडा?"

"तुमी हलवला त्यो. मामंजींनी मला लगीन झाल्यावर आठ दिसात सांगितलं हुतं. आमच्या जालिंदरनं इमान वळवलं, म्हून. लई हसत हुते."

एवढी वर्षं छातीशी धरलेलं गुपित घरातल्या चुलीपर्यंत पोचलेलं होतं, आणि आपणच तेवढे त्याच्यावर पांघरूण घालून बसलो होतो! आप्पांना रागही आला आणि हसूही. "मग तू कवा बोलली का न्हाईस?"

"बोलायचं तुमी हुतं," धुरपदाबाई म्हणाल्या आणि बादली उचलून आत गेल्या.

रविवारी माळावर सगळे जमले. धावपट्टीच्या अर्ध्या भागात आता कांदाचाळ आणि पोल्ट्रीची शेड आहे. उरलेल्या अर्ध्यावर पोरं क्रिकेट खेळतात. पुण्याहून तीसेक मंडळी टोप्या घालून, कॅमेरे घेऊन आली होती आणि कोंबड्यांच्या वासात उभी राहून 'इथंच बरं का, इथंच' असं एकमेकांना दाखवत होती. सरपंचांनी फ्लेक्स लावला होता. त्यावर आप्पांचा फेटा बांधलेला चेहरा, मागे भलतंच चार इंजिनांचं विमान, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'विमानमहर्षी'. आप्पांनी तो पाहिला आणि पहिल्यांदाच त्यांना आपल्या बढत्यांची भीती वाटली.

अनुपमा पुढच्याच खुर्चीत बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, उंच, सडपातळ. ती कोण हे आप्पांना कळायला कोणी ओळख करून द्यायची गरज नव्हती. त्यांनी वाटेत ठरवून ठेवलं होतं, सगळं वाऱ्यावर ढकलायचं. वारा होताच की. यात खोटं काय?

माइक हातात आला. आप्पांनी घसा साफ केला. "त्या दिशी वारं लई हुतं," त्यांनी सुरुवात केली. "आसं वारं, की हौसरावची टोपी उडाली." हौसरावनं समोरून मान डोलावली. टोपी उडाली नव्हती, पण गोष्टीत आपलं नाव आलं म्हणून त्यानं ती उडू दिली. "मावळतीचं वारं. त्या वाऱ्यात सोताला देव जरी इमानात आसता तरी..."

"आप्पा," अनुपमानं बसल्या जागेवरून विचारलं, "झेंडा जागेवर होता ना? नक्की?"

आवाज मऊ होता. आप्पांनी तोंड उघडलं. 'व्हय' हा शब्द जिभेवर तयारच होता, एवढ्या वर्षांची सवय त्याला. त्यांनी एकदा फ्लेक्सवरच्या त्या विमानमहर्षीकडे पाहिलं. तो फेट्यातला माणूस इतक्या निर्लज्जपणे हसत होता, की आप्पांना त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"न्हाई," ते म्हणाले. "झेंडा जाग्यावर नव्हता. म्या हलवला हुता. आमच्या उसावर आवशीद पडावं म्हून वीस पावलांच्या वीस ढांगा केल्या. तुमच्या वडलांनी झेंडा बघितला तिथंच त्यो हुता. ते बरूबर त्याच्यावरनंच गेले. चौकशीला साहेब आले तवा म्या तोंडावर खोटं बोललो. आन् आमच्या उसावर एक थेंब पडला न्हाई, ते येगळंच."

शेवटच्या वाक्याला कोणीतरी हसेल, असं त्यांना वाटलं होतं. कोणी हसलं नाही. फक्त मागून साळूबाईचा मुलगा ईश्वर उभा राहिला. "आप्पा, म्हंजी आमचं आठ दिसाचं दूध तुमी..."

"ईश्वरा, दुधाचं मागनं बोलू," आप्पा म्हणाले.

"मी तवाच म्हणलो हुतो," हौसराव शेजारच्याला सांगू लागला. तो तेव्हा काहीच म्हणाला नव्हता.

अनुपमा उठली आणि कांदाचाळीच्या पलीकडे गेली. ती रडत असेल, आपल्याला शिव्या देत असेल, असं आप्पांना वाटलं. दोन्ही त्यांना चाललं असतं. सत्यजीतनं त्यांना पाणी दिलं, पण मार्शल म्हणाला नाही. थोड्या वेळानं ती फोन घेऊन परत आली. डोळे लाल होते.

"आई आहे फोनवर. शहाऐंशी वर्षांची आहे. मी सांगितलं, पण तिला तुमच्याच तोंडून ऐकायचंय. कमी ऐकू येतं तिला. जरा मोठ्यानं बोला."

आप्पांनी फोन घेतला. "आई, म्या जालिंदर. झेंडेवाला."

"कोण?"

"झेंडेवाला! झेंडा म्या हलवला हुता!"

"काय हलवला?"

आप्पांनी श्वास भरून घेतला आणि माळावर घुमेल अशा आवाजात ओरडले, "झेंडा म्या हलवला! साहेबांची काय चूक नव्हती!" पलीकडच्या रानात कांदा लावणाऱ्या बाया कंबर धरून सरळ उभ्या राहिल्या. पोल्ट्रीतल्या कोंबड्यांनी कालवा केला. गावातल्या ज्या दोन-चार लोकांना अजून कळायचं होतं, त्यांनाही आता कळलं.

पलीकडून म्हातारी म्हणाली, "म्हणजे त्यांचे डोळे चांगले होते?"

"चांगले हुते, आई. लई चांगले हुते."

"अहो, मी त्यांना नंतर कधी स्कूटरसुद्धा चालवू दिली नाही. अनूला शाळेत सोडायला निघाले, की किल्ली काढून घ्यायची. म्हणायची, डोळ्यांचा भरवसा नाही, पोर मागे बसलेली असते. एकदाही वाद घातला नाही त्यांनी. चाळीस वर्षं रिक्षानं हिंडले." मग तिनं विचारलं, "तुम्ही चालवता का हो गाडी?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "मोटारसायकल."

"अजून?"

"आजून चालवतो. आता इथं बी तिच्यावरच आलोय."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.